शून्य-शून्यची फाइल

त्या रविवारी स्टेडियमवरून घरी आल्यावर भालचंद्र इंगवल्यांनी आधी पाय धुतले, मग देवापुढे उदबत्ती लावली आणि मग मुलीच्या वहीतली दोन पानं फाडून वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. हा क्रम मुद्दाम सांगितला. पुढे जे झालं त्यात देवाकडे बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. माणूस हात जोडून उठला होता, डोकं थंड होतं, चहा वेळेवर मिळाला होता. आणि तरीही त्यानं ते लिहिलं.

सामना शून्य-शून्य सुटला होता. त्याच्या आधीचाही शून्य-शून्य. त्याच्या आधीचा एक-एक, पण तो एक गोलसुद्धा समोरच्या बॅकनं गोंधळून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. आपल्या पोरांचे चेहरे असे झाले होते की जणू माफी मागायला हवी. संघ होता भालचंद्रांच्या मंत्रालयाचा. मंत्रालय कोणतं ते सोडून द्या, तिथे अजून त्यांचं पेन्शन अडकलेलं आहे. दिल्लीच्या लीगमध्ये पहिल्या डिव्हिजनला हा संघ खेळायचा आणि त्याचे कोच होते नरसिंह साळगावकर. वेंगुर्ल्याचे, चोपन्न वर्षांचे, एके काळचे नावाजलेले बॅक, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागलेले. नऊ वर्षं संघ त्यांच्या हातात होता. नऊ वर्षांत तो खाली घसरला नव्हता आणि वर सरकला नव्हता.

भालचंद्र पडले कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. तिथला माणूस फुटबॉल बघायला जाताना घसा घरी ठेवून जात नाही. त्यात साल अठ्ठ्याण्णव. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत केबल येऊन तीन वर्षं झाली होती, घरबसल्या जागतिक करंडक बघून झाला होता, आणि चेंडू पुढेही मारता येतो ही गोष्ट सेक्शन ऑफिसरच्या पगारात कळून चुकली होती. शिवाय कीर्तनाचा नाद. बुवांनी ध्रुपद घ्यावं, घोळवावं, लोकांना डोलवावं. पण कधीतरी आख्यानाला हात घालावा की नाही? नरसिंहरावांचा संघ नव्वद मिनिटं ध्रुपदच घोळवायचा. बॅककडून गोलकीपरकडे, गोलकीपरकडून बॅककडे. श्रोते उठून गेले तरी आख्यान सुरू होत नसे.

राग माणसावर नव्हता, हे मात्र खरं. माणूस देवमाणूस. दर शनिवारी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून दोन बस बदलून नरसिंहराव मयूर विहारच्या सोसायटीतल्या कीर्तनाला यायचे आणि भालचंद्रांच्या शेजारी बसून झांज वाजवायचे. तीही जपून.

पत्र अर्धं झालं तोवर तळमजल्यावरचे अविनाश पाटसकर वर आले. हे ऑडिटमध्ये. कुणाच्याही घरात कागदावर काही लिहिलं जात असलं की त्यांना वास येतो.

"नाव घालणार आहात, इंगवले?"

"मग? मी काय कुणाला भितो?"

"भिऊ नका हो. पण कंडक्ट रूल्स आहेत. सरकारी नोकरानं सरकारच्याच टीमवर पेपरात टीका करायची? आणि जूनमध्ये तुमचं अंडर सेक्रेटरीचं प्रमोशन ना?"

भालचंद्रांनी पेन खाली ठेवलं.

"घाबरलात? अहो, 'एक दुखी फुटबॉल प्रेमी' लिहा. बिल्कुल सेफ. आणि हिंदीत लिहा, इथे मराठीत कोण छापतंय तुमचं दुःख."

अशा रीतीनं, खेळात धाडस हवं अशी मागणी करणारं पत्र टोपणनावानं पोस्टात पडलं.

'सांध्य ललकार' हे नोएडातून नुकतंच निघू लागलेलं सायंदैनिक. त्या भागात तेव्हा कारखाने, फ्लॅट आणि वर्तमानपत्रं एकाच वेगानं उभी राहत होती आणि तिन्हींना आत भरायला माल कमी पडत होता. त्या आठवड्यात तर क्रिकेटही कुठे चालू नव्हतं. क्रीडापानाचे संपादक त्यागी यांच्या पुढ्यात सहा कॉलम मोकळे आणि एक दुःखी फुटबॉलप्रेमी. भालचंद्रांनी लिहिलं होतं की संघानं थोडं पुढे सरकून खेळावं, कोचविषयी पूर्ण आदर आहे. छापून आलं ते असं: 'कोच या चौकीदार?' आदराचं वाक्य जागेअभावी गळालं होतं. दुसऱ्या दिवशी 'जनता पूछती है'. तिसऱ्या दिवशी 'सरकारी मैदान पर सरकारी नींद'. चौथ्या दिवशी पानाच्या कोपऱ्यात कूपन: कोच हटाओ, हाँ किंवा नहीं, कापून पाठवा.

भालचंद्रांच्या चार्टर्ड बसमध्ये सकाळी रमी चालायची. फुटबॉलला माणसं अकरा लागतात की नऊ, यावर ज्यांची पैज लागली असती, त्या माणसांनी पत्ते बाजूला ठेवून कूपनं भरली. एका सद्गृहस्थानं तर भालचंद्रांना समजावलं, "देखिए इंगवले जी, डिफेन्स में देश का पैसा बहुत जाता है." संध्याकाळी घरी देवयानीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मीपण केलं हो, हाँ वर टिक."

"अगं, पण साळगावकर आहेत ते!"

"कूपनवर कुठे त्यांचं नाव होतं? आणि तुम्हीच तर दर रविवारी ओरडत येता. मी आपली तुमच्या बाजूनं."

भालचंद्रांनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून 'ललकार'ला फोन लावला. "त्यागी जी, बहुत हो गया, अब ये बंद कर दीजिए."

"आप कौन?"

"मैं... एक पाठक."

"भाईसाहब, पाठक ही तो बढ़ रहे हैं! बंद कैसे करें?"

दुसऱ्या दिवशीचा मथळा: 'कोच के बचाव में गुमनाम फोन'.

आता इथे सरकारी रिवाज थोडा समजून घ्यायला हवा. प्रत्येक मंत्रालयात एक माणूस सकाळी कात्री घेऊन बसतो आणि मंत्रालयाबद्दल जिथे जे छापून येईल ते कापून कागदावर चिकटवतो. ते जातं थेट जॉइंट सेक्रेटरींकडे. छापलेल्या निंदेवर काहीतरी कारवाई दिसली पाहिजे, म्हणून साहेब हिरव्या शाईनं 'तपासून सादर करा' असं लिहितात, आणि कागद एकेक पायरी उतरत ज्याचा विषय त्याच्या टेबलावर येऊन पडतो. खेळ आणि कर्मचारी-कल्याण हा विषय ज्या सेक्शनचा, त्याचे सेक्शन ऑफिसर भालचंद्र इंगवले. गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांचंच पत्र, छानसं कापून, गोंदानं चिकटवून, त्यांच्याच पुढ्यात आलं. दुःखी फुटबॉलप्रेमीच्या तक्रारीत तथ्य आहे काय, ते तपासावे.

तपासायचं तर जुनी फाइल काढायला हवी. या सेक्शनला येऊन त्यांना काही महिनेच झाले होते, संघाची फाइल त्यांनी याआधी कधी उघडली नव्हती. प्रेक्षक मैदान बघतो, फाइल कशाला बघेल? आत पाच वर्षांपूर्वीचा एक आदेश लावलेला होता. संघातले सहा खेळाडू हंगामी आहेत. संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये आहे तोवरच त्यांना मुदतवाढ मिळेल. संघ घसरला की सेवा समाप्त. त्याखाली दर वर्षी नरसिंहरावांचा एकेक अहवाल, तोही त्यांच्या खेळासारखाच आखूड: संघ डिव्हिजनमध्ये कायम, सहाही जणांना मुदतवाढ मिळावी, ही विनंती.

भालचंद्र लीगचा तक्ता काढून बसले. मागची पाच वर्षं. दर वर्षी खालून तिसरे, खालून चौथे. घसरणाऱ्या दोघांच्या वर एका गुणानं, कधी दोन गुणांनी. दर शून्य-शून्यला एक गुण मिळाला होता. ते एकेक शून्य कुणाच्या घरची कणीक होती, हे पेठेतल्या माणसाला पंख्याखाली बसून पहिल्यांदा दिसलं. ज्या गोलकीपरला ते 'अरे लाथ मार की रे पुढं' म्हणून ओरडायचे, तो सहातला पहिला होता. दोन मुलींचा बाप.

त्यांनी टिप्पणी लिहिली. सरळ लिहिली: तक्रार अर्धवट माहितीवर आधारलेली आहे, कोचचा दोष नाही, आणि तक्रारदार अन्य कोणी नसून... इथवर आले आणि त्यांना जून महिना आठवला. कागदाचे आठ तुकडे झाले. चार आपल्या टोपलीत, चार दुसऱ्या मजल्यावरच्या टोपलीत. त्याऐवजी 'कोचकडून खुलासा मागवावा' एवढी एकच ओळ वर गेली.

शनिवारी कीर्तन होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये, पिंगपाँगचं टेबल भिंतीला लावून. बाळबुवा निरूपणाला उभे राहिले आणि नेमकं, देवापुढे चूक कबूल करायला फार काही लागत नाही, असं म्हणाले. तो ओळखीचा आहे, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. पण ज्याची चूक केली त्या माणसापुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. आणि तो कोरडा घसा, बुवा म्हणाले, तेच खरं तीर्थ. पाटसकर पहिल्या रांगेत मान डोलावत होते. भालचंद्रांच्या शेजारी झांज हळू, अगदी तालात वाजत होती. त्यांनी ठरवलं. आज बोलायचं. प्रमोशन गेलं खड्ड्यात.

कीर्तन संपलं, रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले, बुक्का लागला. नरसिंहराव भालचंद्रांना हॉलबाहेर स्कूटरस्टँडपाशी घेऊन गेले.

"इंगवले, मेमो आलाय मला. सात दिवसांत उत्तर द्या म्हणतात."

"साळगावकर, मला तुम्हाला ते पत्र..."

"हां, ते पत्र. ज्यानं लिहिलं त्याला खेळ कळतो हो. खोटं काही नाही त्यात. मी कंटाळवाणाच खेळवतो, मला काय ठाऊक नाही? घरचे सामने बघायला माझी बायकोसुद्धा कधी आली नाही." ते हसले. "ते बाकीचं पेपरवाल्यांनी घातलंय. पण मूळ माणूस जाणकार."

भालचंद्रांचा घसा बुवांनी सांगितल्याप्रमाणे व्यवस्थित कोरडा पडला. पुढचं काही झालं नाही.

"त्या सहा जणांचं तुम्ही कधी बोलला नाहीत," एवढंच ते म्हणाले.

"काय बोलायचं? त्यांनाही नाही सांगितलेलं नीट. घर डोक्यावर घेऊन मैदानात गेलं की हेडिंग करता येत नाही." मग जरा अडखळून, "एक काम होतं. माझं हिंदी म्हणजे खलाश्यांचं. हे उत्तर तुम्ही लिहून द्याल? तुमच्याइतकं कागदाचं मला जमणार नाही."

नाही कसं म्हणणार? दोन रात्री बसून भालचंद्रांनी सहा पानं लिहिली, आणि एवढं चांगलं ते आयुष्यात परत कधी लिहू शकले नाहीत. बचाव हीसुद्धा कला आहे, असं त्यात होतं. संघ राखणं म्हणजे काय, हे होतं. दुःखी फुटबॉलप्रेमीला एका जागी 'घर की चिंता से मुक्त दर्शक' म्हटलं होतं. नरसिंहरावांनी टाइप करून घेतलं, सही केली, आणि भालचंद्रांच्या हातचा कच्चा खर्डा घडी घालून कीर्तनाच्या वहीत ठेवला. म्हणाले, "हे माझ्या मुलाला दाखवीन. माझ्याबद्दल इतकं कुणी लिहिलं नाही."

सोमवारी ते उत्तर डाकेनं भालचंद्रांच्या टेबलावर आलं. तक्रारीशी ताडून पाहून आपला अभिप्राय द्यावा.

म्हणजे फिर्याद भालचंद्रांची, बचाव भालचंद्रांचा, आणि आता निवाड्याची टिप्पणीही भालचंद्रांनीच लिहायची. तिघांत एकानं जरी हिंमत केली असती तर खटला निकालात निघाला असता. पण तिघंही एकाच प्रमोशनची वाट बघत होते. कोचच्या बाजूनं लिहावं, तर 'तुम्हाला एवढं कसं ठाऊक' असं विचारतील. विरुद्ध लिहावं, तर रात्री झोप येणार नाही. मग वेळ काढायची. वेळ काढण्याची सरकारात एक खात्रीची युक्ती आहे, कागद मागवणे. भालचंद्रांनी लिहिलं: 'निर्णयापूर्वी तक्रारीची सत्यता पडताळण्यासाठी मूळ पत्र संपादकांकडून मागवणे उचित होईल.' वर्तमानपत्रवाले रद्दी विकतात, पत्रं जपत नाहीत. उत्तर येणार नाही, महिने जातील, हंगाम संपेल, लोक विसरतील. लिहिल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

संपादकांना पत्र गेलं. पण साहेबांना थांबायचं नव्हतं. त्या वर्षी वरून सर्क्युलर आलं होतं, पदं कमी करा. प्रत्येक मंत्रालयानं काही पदं परत करायची. पदं शोधून सापडत नव्हती. जॉइंट सेक्रेटरींनी भालचंद्रांना बोलावून घेतलं.

"इंगवले, आपकी राय क्या है? कोच ठीक है या नहीं?"

समोर गोल उघडा होता. गोलकीपर जागेवर नव्हता.

"सर, दोनों पक्षों में दम है. जैसा आप उचित समझें."

साहेबांनी फाइल चाळली, तो जुना आदेश त्यांनाही दिसला. "अच्छा. छह पोस्ट अस्थायी हैं?" त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "तो झगड़ा ही खत्म. टीम बंद."

आदेश चार ओळींचा होता. हंगामाअखेर संघ विसर्जित. सहा जणांची सेवा एकतीस मार्चपासून समाप्त. श्री. साळगावकर यांना डायरी क्लार्कच्या रिकाम्या जागेवर, कल्याण सेक्शनमध्ये. भालचंद्रांनी त्याच्या सात प्रती काढल्या, कारण प्रती काढणं हे त्यांच्या सेक्शनचं काम होतं.

शेवटचा सामना फेब्रुवारीतल्या एका दुपारी झाला. राखायला काही उरलं नव्हतं. नरसिंहरावांनी पोरांना काय सांगितलं कोण जाणे. पण शिट्टी वाजली आणि संघ जो पुढे सुटला तो सुटलाच. बॅक धावत पुढे, हाफ त्याच्याही पुढे. विंगवरून चेंडू आत येतोय, डोक्यानं, गुडघ्यानं, मिळेल त्यानं. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल. चौदा वर्षं दिल्लीत राहून भालचंद्रांनी असा खेळ स्टेडियममध्ये पाहिला नव्हता. पेठेत असते तर फेटा उडवला असता. आजूबाजूचे चाळीस-पन्नास लोक उभे राहून नाचत होते. भालचंद्र सिमेंटच्या पायरीवर बसून राहिले. दोन मुलींच्या बापानं शेवटी गोल सोडून हाफलाइनपर्यंत येऊन फ्रीकिक मारली, तेव्हा सगळे हसले. त्याच चेंडूवर समोरच्यांनी पाचवा गोल केला. चार-पाच. हरले. मैदानावर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, आणि लांबून हसतात की रडतात ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'ललकार'चा मथळा होता: 'डिफेन्स कहाँ था?'

एप्रिलपासून नरसिंहराव सेक्शनला आले. दाराजवळचं टेबल, मोठं रजिस्टर, समोर डाकेचा गठ्ठा. पाकीट फोडायचं, नंबर टाकायचा, विषय लिहायचा, ज्याचं त्याच्या टेबलावर ठेवायचं. अक्षर बोटांएवढंच जाड होतं, पण ते चुकत नव्हते. इतर कारकून त्यांना 'कोचसाहेब' म्हणून चिडवायचे, ते हसायचे. दुपारी भालचंद्रांच्या टेबलाशी खुर्ची ओढून दोघं डबा उघडायचे. बायको मुलाकडे वेंगुर्ल्याला गेल्यापासून नरसिंहराव एकटेच राहत होते, म्हणून देवयानीबाई चार पोळ्या जास्त घालायच्या. गोलकीपर करोलबागेत कुणाकडे तरी गाडीवर लागला, दुसऱ्याचा पत्ता नाही, एक गावी गेला. ही खबर नरसिंहराव डब्यावर सांगायचे आणि भालचंद्र लोणचं पुढे सरकवायचे. आज बोलू, उद्या बोलू. जून आला, प्रमोशनची यादी आली. भालचंद्रांचं नाव तीत होतं. देवयानीबाईंनी सोसायटीत पेढे वाटले. नरसिंहरावांनी सगळ्यांत आधी उठून हात हातात घेतला.

त्यानंतरच्या मंगळवारी 'सांध्य ललकार'चं पाकीट आलं. त्यागी ऑफिस बदलत होते, कपाटं आवरताना जुनं सरकारी पत्र सापडलं असावं. त्यांनी दिलगिरीसह मागवलेलं मूळ पत्र जोडलं होतं. पाकीट दाराजवळच्या टेबलावर फुटलं.

भालचंद्रांनी मान वर केली तेव्हा नरसिंहरावांच्या हातात वहीची ती दोन पानं होती. ते वाचत नव्हते. नुसतं अक्षराकडे बघत होते. मग त्यांनी पेन उचललं, रजिस्टरमध्ये नंबर टाकला, तारीख टाकली, विषय लिहिला. शाई वाळू दिली. पानं सरळ करून, वर पिन लावून, ते भालचंद्रांच्या टेबलाशी आले आणि उभे राहिले.

"साहेब," नरसिंहराव म्हणाले. आजवर ते इंगवले म्हणत आले होते. "हे संघाच्या फाइलवरचं आहे. वर साहेबांकडे पुट अप करू, की नुसतं फाइलला लावू?"

भालचंद्रांनी तोंड उघडलं.

"फाइलला लावा," ते म्हणाले.

"बरं."

नरसिंहरावांनी जागेवर जाऊन पानांना भोकं पाडली, फाइलीतली दोरी ओवली, गाठ मारली आणि फाइल कपाटात ठेवून दिली. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. त्यांनी ड्रॉवरमधून आपला डबा काढला आणि सेक्शनच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीपाशी, टाइपिस्टांच्या बाकावर जाऊन ते बसले.

भालचंद्रांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डबा उघडला आणि सगळ्या पोळ्या एकट्यानं खाल्ल्या, कारण परत नेल्या असत्या तर घरी कारण विचारलं असतं.